लिब्रेऑफिस प्लाझ्मावर परकं दिसतंय? थीम सोडा, आधी ‘अबाउट’मधली एक ओळ वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन या लिनक्सवर केडीईचा प्लाझ्मा हा डेस्कटॉप चालू आहे. डिस्कवर जागा कमी, म्हणून शिफारस केलेली जादा पॅकेजेस टाळून लिब्रेऑफिस या ऑफिस संचातलं फक्त रायटर (लेखनासाठी) आणि कॅल्क (स्प्रेडशीटसाठी) बसवलं. आता खिडक्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या वाटतात. फाइल उघडायच्या डायलॉगमध्ये डॉल्फिन या फाइल मॅनेजरमधल्या ‘प्लेसेस’ दिसत नाहीत. नेटवर्क शेअरवरच्या फाइलीत केलेले बदल कधी टिकतात, कधी टिकत नाहीत. थीम बदलून झाली, आयकॉन बदलून झाले, कुठेतरी वाचलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही लावून झालं, पण फरक शून्य.

ही चार-पाच दुखणी वेगवेगळी वाटली तरी बहुतेकांचं मूळ एकच आहे. तेव्हा थीमला अजिबात हात लावू नका. रायटर उघडा, हेल्प मेनूतून ‘अबाउट लिब्रेऑफिस’वर जा आणि आवृत्तीच्या खालची ‘युजर इंटरफेस’ची ओळ वाचा. तिथे ‘व्हीसीएल’ या अक्षरांपुढे काय लिहिलंय ते महत्त्वाचं. ‘केएफ५’ किंवा ‘केएफ६’ (केएफ म्हणजे केडीई फ्रेमवर्क्स) असेल तर तुमचं लिब्रेऑफिस प्लाझ्माशी बोलतंय. ‘जीटीके३’ असेल तर ते जीनोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या भाषेत बोलतंय आणि प्लाझ्मा ते सहन करतोय. आणि ‘एक्स११’ असेल, जे तुमच्या बाबतीत असणार याची मला जवळजवळ खात्री आहे, तर ते कोणाशीच बोलत नाहीये.

असं का होतं हे समजायला थोडं मागे जावं लागेल. लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळं झालं. ते ओपनऑफिस आलं स्टारऑफिसमधून, जे सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००० मध्ये ज्याचा सोर्स खुला केला. स्टारऑफिस मूळचं स्टार डिव्हिजन या जर्मन कंपनीचं. त्यांना विंडोज, ओएस/२, युनिक्स अशा सगळीकडे तेच उत्पादन विकायचं होतं. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, जीनोम १९९७ मध्ये. म्हणजे त्याआधी, ज्या काळात स्टार डिव्हिजनची मंडळी बटणं आणि मेनू काढत होती, तेव्हा लिनक्सवर उसनं घ्यावं असं काही नव्हतंच. त्यांनी आपला स्वतःचा संच लिहिला. त्याच परंपरेतलं आजचं नाव व्हीसीएल, म्हणजे व्हिज्युअल क्लास लायब्ररी.

बटणं-मेनू काढायचे आजचे तयार संच म्हणजे जीनोमचा जीटीके आणि केडीईचा क्यूटी. लिब्रेऑफिस हा ना जीटीकेचा प्रोग्राम आहे, ना क्यूटीचा. तो व्हीसीएलचा प्रोग्राम आहे आणि ज्या घरी जाईल तिथला अंगरखा चढवतो. हे अंगरखे म्हणजे व्हीसीएलचे प्लगइन. जीटीके३, क्यूटी५, क्यूटी६, केएफ५, केएफ६ आणि काहीच मिळालं नाही तर ‘जेन’, म्हणजे जेनेरिक. ‘जेन’ला थेट एक्स११ वर, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या जुन्या प्रणालीवर, रेघा काढण्यापलीकडे काही ठाऊक नाही. ‘अबाउट’मध्ये ‘एक्स११’ म्हणून दिसतो तो हाच. प्लाझ्मात निवडलेली रंगसंगती त्याच्यापर्यंत पोचतच नाही, मग थीम कितीही बदला.

सुरू होताना लिब्रेऑफिस आधी डेस्कटॉप कोणता ते हुंगतं. त्यासाठी मुख्यतः ‘एक्सडीजी करंट डेस्कटॉप’ हे व्हेरिएबल बघतं. केडीई दिसलं तर केडीईचे प्लगइन आधी लोड करून बघतं, ते नसतील तर जीटीके३, तेही नसेल तर जेन. हे सगळं गुपचूप होतं. ‘मला केएफ५ सापडलं नाही’ अशी एक ओळसुद्धा समोर येत नाही. माझ्या मते या सगळ्या घोळातला सर्वांत मोठा दोष हाच आहे. पडझड इतकी सभ्यपणे होते की वापरणाऱ्याला वाटतं, हे असंच दिसत असावं.

तुमच्याकडे काय झालं असेल ते आता उघड आहे. डेबियनमध्ये प्रत्येक अंगरखा वेगळ्या पॅकेजात आहे आणि रायटर किंवा कॅल्कसाठी तो सक्तीचा नाही. शिफारशी बंद ठेवल्या की तो मागे राहतो. प्लाझ्मासाठी ‘लिब्रेऑफिस-प्लाझ्मा’ हे पॅकेज बसवा. ते तुमच्या आवृत्तीला योग्य असा केएफचा प्लगइन ओढून आणतं, सोबत ब्रीझ या प्लाझ्माच्या नेहमीच्या थीमचे आयकॉनही. जीनोमवाल्यांनी ‘लिब्रेऑफिस-जीटीके३’ आणि ‘लिब्रेऑफिस-जीनोम’ बघावीत. एखाद्या मशीनवर नेमके कोणते अंगरखे आहेत ते बघायचं असेल तर लिब्रेऑफिसच्या इन्स्टॉल फोल्डरमधल्या ‘प्रोग्राम’ या फोल्डरात जा आणि ‘लिब-व्हीसीएलप्लग’ने सुरू होणाऱ्या फाइली मोजा. जेवढ्या फाइली तेवढे अंगरखे.

आता त्या व्हेरिएबलबद्दल, कारण तिथे मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे. एका कार्यालयात बारा मशीन होती, सगळी एकसारखी. प्लगइन बसवला, खात्रीसाठी एसएएल, यूज आणि व्हीसीएलप्लगइन हे तुकडे अंडरस्कोरने जोडून होणारं ते व्हेरिएबल टर्मिनलमध्ये लावलं आणि तिथूनच रायटर सुरू केलं. खिडकी आली, तीच जुनी. परत केलं, परत तीच. पॅकेज काढून पुन्हा बसवलं. शेवटी प्रोसेसची यादी बघितली तर ‘एसऑफिस डॉट बिन’, म्हणजे लिब्रेऑफिसची मूळ प्रोसेस, सकाळपासून जिवंत होतं. दुसऱ्या एका वर्कस्पेसवर कोणीतरी एक स्प्रेडशीट उघडी ठेवून जेवायला गेलं होतं.

याचं कारण असं की एका प्रोफाइलवर (म्हणजे तुमच्या सेटिंगच्या फोल्डरवर) लिब्रेऑफिसची एकच प्रोसेस चालते. रायटर, कॅल्क, इम्प्रेस सगळं तिच्याच पोटात. तुम्ही दुसऱ्यांदा सुरू करता तेव्हा नवी प्रोसेस फक्त एवढं बघते की आधीची चालू आहे का. चालू असेल तर ‘ही फाइल उघड’ असा निरोप देते आणि मरते. तुम्ही लावलेलं व्हेरिएबल त्या मरणाऱ्या प्रोसेससोबत जातं. खिडकी उघडणारी प्रोसेस सकाळचीच, अंगरखाही सकाळचाच. म्हणून प्लगइन बदलताना आधी सगळ्या खिडक्या सेव्ह करून बंद करा, टर्मिनलमधल्या ‘पीग्रेप’ या कमांडने ‘एसऑफिस’ शोधून काही उरलं नाही ना ते बघा आणि मगच पुन्हा सुरू करा. तुमच्या ‘फरक शून्य’चं अर्धं उत्तर इथे असेल.

उरलेलं अर्धं बहुधा जुन्या लेखांत. व्हेरिएबलला ‘जीटीके’ किंवा ‘केडीई४’ अशी किंमत द्यायला सांगणारे लेख अजून सापडतात. ते प्लगइन कधीच काढून टाकले गेले. अस्तित्वात नसलेलं नाव दिलं की लिब्रेऑफिस तक्रार करत नाही, पुन्हा आपल्या मनाने शोधायला लागतं. आणखी एक खोड म्हणजे व्हेरिएबल ‘डॉट बॅशआरसी’त टाकणं. ती फाइल टर्मिनल वाचतं. मेनूतून किंवा डॉल्फिनमधून सुरू होणारे प्रोग्राम त्या वाटेने येतच नाहीत. कायमचं लावायचं असेल तर होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’खाली ‘एन्व्हायर्नमेंट डॉट डी’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘कॉन्फ’ प्रत्यय असलेल्या फाइलीत एक ओळ लिहा आणि लॉगआउट करून परत या. पण खरं सांगू का, योग्य पॅकेज बसवलं असेल तर हे व्हेरिएबल लागूच नये. आयथ्री, स्वे यांसारखे विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना ते लागतं, कारण तिथे हुंगून काही कळत नाही. प्लाझ्मावर मी ते फक्त तपासणीपुरतं वापरतो आणि काढून टाकतो.

अंगरखा चढल्यावरही तो किती खोल जातो यात फरक आहे, आणि हे माहीत नसलं की माणूस नसलेला बग शोधत बसतो. जीटीके३ वर बहुतेक डायलॉग खरोखरचे जीटीकेचे असतात. बटण जीटीकेचं, यादी जीटीकेची, स्क्रोल करण्याची पद्धतही त्याचीच. केएफ५वर तसं नाही. तिथे बटणाची जागा, माप, वागणं व्हीसीएल ठरवतं आणि फक्त रंगरूप क्यूटीच्या स्टाइलकडून काढून घेतं. म्हणून ब्रीझचं बटण अगदी हुबेहूब दिसतं, पण एखाद्या यादीतली ओळींमधली मोकळी जागा किंवा टॅबची उंची केट या केडीईच्या एडिटरच्या तुलनेत किंचित चुकलेली भासते. ती चुकलेलीच आहे, तुमच्या सेटिंगमध्ये काही बिघाड नाही. प्लाझ्मावर जीटीके३ वापरणारे माझे काही सहकारी याच कारणासाठी केएफ सोडून देतात. मी नाही सोडत. डायलॉगमधली चार पिक्सेल मला खुपत नाहीत, फाइल पिकर (फाइल निवडायचा डायलॉग) परका असला की खुपतो.

फाइल पिकर केएफच्या प्लगइनसोबत आपोआप केडीईचा येतो, म्हणजे डॉल्फिनच्या डाव्या पट्टीतल्या जागा तशाच्या तशा दिसतात. येत नसेल तर दोन गोष्टी बघा. एक, टूल्स, ऑप्शन्स, जनरल इथे ‘लिब्रेऑफिसचे डायलॉग वापरा’ अशी खूण तर केलेली नाही ना. तो पर्याय दिसत नसेल तर ॲडव्हान्स्डमधलं एक्स्पर्ट कॉन्फिगरेशन उघडून ‘यूज सिस्टम फाइल डायलॉग’ जोडून लिहून शोधा, त्याची किंमत ‘ट्रू’ हवी. दोन, प्लाझ्मा ६ वर केएफ५चा प्लगइन चालवत असाल तर क्यूटी५साठीचं ब्रीझ आणि क्यूटी५साठीची प्लाझ्माची जोडणी वेगळी बसवावी लागते. प्लाझ्मा ६ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तो क्यूटी६वर. त्याचं स्वतःचं ब्रीझ क्यूटी५च्या प्रोग्रामला दिसत नाही. तेव्हा ‘अबाउट’मध्ये केएफ५ अगदी बरोबर दिसतं आणि खिडकी मात्र बेचव, करड्या रंगाची राहते. केएफ६ मिळत असेल तर तोच घ्या, प्रश्नच मिटतो.

नेटवर्क शेअरचं दुखणं मात्र वेगळ्या जातीचं आहे. डॉल्फिनमध्ये ‘एसएमबी’चा (विंडोजसारख्या नेटवर्क शेअरिंगचा) पत्ता टाकून तुम्ही शेअर उघडता तेव्हा ती फाइल कर्नलच्या दृष्टीने कुठेही माउंट झालेली नसते. ते सगळं केआयओ नावाचा केडीईचा थर सांभाळतो. लिब्रेऑफिसच्या ‘डॉट डेस्कटॉप’ फाइलीत आपल्याला कोणते प्रोटोकॉल कळतात याची एक ओळ असते. त्यात ‘फाइल’ आहे, ‘एचटीटीपी’ आहे, ‘वेबडीएव्ही’ आहे, ‘एसएमबी’ नाही. मग केआयओ काय करतो? फाइलची एक प्रत तात्पुरत्या जागी उतरवतो आणि ती प्रत लिब्रेऑफिसच्या हाती देतो. तुम्ही सेव्ह करता ते त्या प्रतीत. प्रोग्राम बंद झाल्यावर केडीई विचारतो की बदललेली फाइल परत वर चढवू का. तो प्रश्न दुसऱ्या खिडकीमागे राहिला, किंवा आधीचीच लिब्रेऑफिस प्रोसेस चालू असल्यामुळे ‘बंद झालं’ हे चुकीच्या वेळी मोजलं गेलं, की बदल हवेत. ‘कधी टिकतात, कधी नाही’ हे लक्षण याच गोष्टीचं आहे.

उपाय म्हणजे ‘केआयओ-फ्यूज’ हे पॅकेज. ते बसवलं की केआयओ शेअरला तुमच्या ‘रन’मधल्या युजर फोल्डरखाली खरोखरच्या मार्गावर आणून ठेवतो आणि लिब्रेऑफिसला तो साधा मार्ग मिळतो. सेव्ह थेट शेअरवर होतं. जीनोमवर हेच काम ‘जीव्हीएफएस’ करतं. शेअर रोजच्या वापरातला असेल आणि त्यावर चार जण काम करत असतील तर मी यातलं काहीच करत नाही, सरळ ‘सीआयएफएस’ने ‘एफएसटॅब’ या सिस्टीमच्या माउंट-यादीत टाकून कायमचं माउंट करतो. कंटाळवाणं आहे, पण मध्ये कोणी दलाल नाही.

खात्री करायची सोपी रीत सांगतो. शेअरवरची फाइल उघडा आणि दुसऱ्या मशीनवरून त्याच फोल्डरातल्या लपलेल्या फाइली बघा. टिंब, टिल्ड, मग ‘लॉक’, मग तुमच्या फाइलचं नाव आणि शेवटी हॅश, अशा नावाची एक छोटी फाइल तिथे उगवली पाहिजे. टेक्स्ट एडिटरने उघडलीत तर आत स्वल्पविरामांनी तोडलेली एकच ओळ असते, तीत कोणी, कोणत्या मशीनवरून आणि केव्हा उघडली ते लिहिलेलं. ही फाइल शेअरवर दिसली तर तुम्ही खऱ्या फाइलीवर काम करताय. नाही दिसली तर प्रतीवर करताय. आणि मशीन मध्येच बंद पडलं तर हीच फाइल मागे राहते, मग दुसऱ्या दिवशी ‘फाइल अमक्याने उघडलेली आहे’ म्हणून अडवते. तो अमका खरोखर उघडून बसलेला नाही एवढं विचारून मग ती खुशाल पुसा.

डबल क्लिकवर ओडीटी (रायटरची) फाइल आर्काइव्ह मॅनेजरमध्ये उघडते अशी तक्रार तुमची नाही, पण अशा अर्धवट इन्स्टॉलेशनवर ती हमखास पुढे येते म्हणून सांगून ठेवतो. ओडीएफ, म्हणजे लिब्रेऑफिसच्या मूळ स्वरूपातली फाइल, ही मुळात झिप असते. फक्त तिच्यात सगळ्यात पहिली नोंद ‘माइमटाइप’ नावाची असते आणि ती मुद्दाम न दाबता ठेवलेली असते, म्हणजे पहिल्या काही बाइटमध्येच फाइलचा खरा प्रकार वाचता यावा. डेस्कटॉप हे ओळखतो ‘शेअर्ड-माइम-इन्फो’च्या मदतीने. ‘एक्सडीजी-माइम’ या कमांडला फाइलचा प्रकार विचारा. उत्तरात ‘ओएसिस’ आणि ‘ओपनडॉक्युमेंट’ आलं तर ओळख बरोबर आहे आणि चूक फक्त कोणता प्रोग्राम निवडायचा यात आहे. ती ‘डॉट कॉन्फिग’मधल्या ‘माइमॲप्स डॉट लिस्ट’मध्ये एका ओळीत दुरुस्त होते. उत्तर ‘झिप’ आलं तर फाइल बहुधा कोणीतरी साध्या झिप प्रोग्रामने पुन्हा बांधलेली आहे आणि दोष डेस्कटॉपचा नाही.

आयकॉन आणि गडद रंग हे सगळ्यात शेवटी, आणि तेही अंगरखा जागेवर बसल्यावरच. आयकॉनचा संच ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, प्लाझ्मावर तो ब्रीझ घेतो. गडद थीमवर आयकॉन दिसेनासे झाले तर ब्रीझचा गडद संच वेगळा निवडा. कागद पांढरा ठेवायचा की काळा हे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या रंगसेटिंगमध्ये आहे, प्लाझ्मात शोधू नका.

मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर सगळं बारीक दिसत असेल तर तेही बहुधा ‘जेन’चंच लक्षण. केएफवर प्लाझ्माचं स्केलिंग आपोआप लागू होतं. अडूनच बसलं तर ‘एसएएल फोर्सडीपीआय’ हे व्हेरिएबल आहे, त्याला १४४ किंवा १९२ अशी किंमत द्या. पण प्लाझ्माचं स्केलिंग आणि हे दोन्ही एकदम लावू नका, अक्षरं पोस्टरएवढी होतात.

फ्लॅटपॅकबद्दल, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या स्वतंत्र पॅकेजबद्दल, विचाराल म्हणून आधीच सांगतो. नवी आवृत्ती लगेच हवी असेल तर ते उत्तम आहे. एकजीव दिसणं हवं असेल तर प्लाझ्मावर ते नको. तिथे अंगरखा जीटीके३चा येतो आणि ब्रीझची जीटीके थीम फ्लॅटपॅकमधून वेगळी बसवावी लागते. प्रोफाइलही वेगळं. नेहमीचं लिब्रेऑफिस आपलं प्रोफाइल ‘डॉट कॉन्फिग’मध्ये ‘लिब्रेऑफिस’ आणि त्याखाली ‘४’ अशा फोल्डरात ठेवतं (आवृत्ती कितीही पुढे गेली तरी तो ४ तसाच राहिलाय), तर फ्लॅटपॅकवालं ‘डॉट व्हार’खाली. दोन्ही एकदम बसवली की मेनूत दोन रायटर दिसतात, पॅनलवर पिन केलेला एक आणि उघडणारा दुसरा, आणि एकात शिकवलेला शब्दकोश दुसऱ्याला ठाऊक नाही. एक ठेवा.

देवनागरी टायपिंगचाही संबंध पुन्हा अंगरख्याशीच येतो. कीबोर्डचा इनस्क्रिप्ट लेआउट सिस्टीम सेटिंग्जमधून लावला असेल तर तो एक्सकेबीच्या, म्हणजे सिस्टीमच्या कीबोर्ड-थराच्या, पातळीवर चालतो आणि कुठल्याही प्लगइनवर तसाच चालतो. पण आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे इनपुट प्रोग्राम वापरून फोनेटिक टाइप करत असाल तर जीटीके३चा प्लगइन जीटीकेच्या इनपुट पद्धतीला विचारतो आणि केएफचा क्यूटीच्या. एफसीआयटीएक्स बसवताना फक्त जीटीकेचा तुकडा आला असेल, तर फायरफॉक्समध्ये मराठी उमटेल आणि रायटरमध्ये रोमन अक्षरंच पडत राहतील. तेव्हा क्यूटी५ किंवा क्यूटी६चा तुकडा, तुमच्या ‘अबाउट’च्या ओळीत जो आकडा असेल तो, वेगळा बसवा. आणि एक सेटिंग जिथे लोक नेहमी फसतात: रायटरमध्ये देवनागरीचा फाँट हा वेगळा कप्पा आहे. लॅटिनचा फाँट बदलून मराठी मजकूर बदलत नाही. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (सीटीएल) चालू करून तिथे मराठी निवडा, मग बेसिक फाँट्सच्या सीटीएल पानावर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी लावा. जोडाक्षरं तुटतात ही जुनी तक्रार मात्र सोडून द्या. २०१७ मधल्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरं मांडायचं काम सगळीकडे हार्फबझ ही लायब्ररी करते. अजून तुटत असतील तर फाँट बदलून बघा.